हजारी

शाळेत कंपनीचा माणूस आलता.
गळ्यात पट्टा, निळा शर्ट,
प्रत्येक आईला पाण्याची एक बाटली फुकट.
पडद्यावर हसरी पोरं दाखवली
आणि म्हणाला, मुलांचं मन आमच्यासाठी सगळ्यात आधी.
टाळ्या झाल्या.
मी शेवटच्या बाकावर.
बोटांचा तंबाखूचा वास साबणानं जात नाही,
म्हणून हात पदराखाली.

असलंच बोलायचा आमचा शेठ.
दिवाळीला कारखान्यात यायचा, कडक इस्त्रीचं धोतर,
बायांनो, तुम्ही माझ्या लेकी, म्हणायचा.
सासूनं एक्केचाळीस वर्षं त्याच्या नावाच्या विड्या वळल्या.
त्याला विडी ओढताना तिनं एकदाही बघितलं नाही.
त्याच्या पोरांनाही नाही.

मी हात वर केला. तोच, वासाचा.
म्हटलं, साहेब, तुमची मुलगी कितवीला?
आठवीला, म्हणाला.
तिच्याकडं आहे का हे?
तो बाटलीचं झाकण फिरवत राहिला.
मग म्हणाला, प्रश्न फार चांगला आहे.
आणि पुढचा फोटो लावला.

रात्री भार्गवी भिंतीला टेकून,
तोंडावर उजेड, अंगठा चाललेला.
वर. वर. वर.
मी समोर पान कापत, पत्र्याचा फर्मा, कात्री,
मांडीवर सुपली.
माझ्या दिवसाला हजार होतात, पाठ दुखली तर आठशे.
मी मोजते, कारखान्यात चेकर मोजतो,
छाट काढून फेकतो, तीही मोजून.
तुझा अंगठा किती वेळा फिरला, ते कोण मोजतं गं?
मोजत असणार कुणीतरी.
कुठल्या वहीत, कुणाच्या नावावर, ते विचारू नको मला,
पण मजुरी तुझ्या हातात येत नाही, एवढं दिसतंय.

जूनपासून ती अर्धी भाकरी ताटात ठेवते.
आरशासमोर गाल आत ओढून उभी राहते.
कुठल्या गावची कोण पोरगी,
तिची कंबर आमच्या घरात राहायला आलीय.
विचारलं तर म्हणते, अम्मा, तुला नाही कळायचं.

नसेल कळत.
माझ्या कट्ट्यावर सडक्या फुप्फुसाचा फोटो असतो.
पंचवीस विड्या, एक दोरा, एक फोटो.
बघून घे, मग ओढ.
मी जहर वळते, पण जहर म्हणून छापलेल्या कागदात जातं ते.
ह्याच्यावर कशाचा फोटो छापणार?
अर्ध्या भाकरीचा?

आणि फोन आणला कुणी? मीच.
कोरोनात शाळा बंद, बोनस आलेला,
अशोक चौकातल्या दुकानात जाऊन, भाव करून.
पोरीच्या मांडीवर सुपली नको, एवढंच ठरवलं होतं.
सुपली नाही दिली.

पाचव्या दिवशी पाणी आलं, रात्री अडीचला.
नीळ्ळु वच्चिनय, अंबुबाई येमूल गल्लीभर ओरडत सुटली,
सगळं घरकुल बादल्या घेऊन बाहेर.
भार्गवी जागीच होती, झोपायचं तिला ठाऊकच नाही आता.
पाइप तिनं धरला, तो सुटला,
नागासारखा उसळून माझ्या तोंडावर.
ती हसली.
पोट धरून, दात दाखवत, नाकातून आवाज काढत,
कुठल्याच फोटोत चालणार नाही असली.

मी भिजलेली तशीच उभी.
पिंप भरून वाहायला लागलं तरी नळ बंद करायचं सुचलं नाही.

मग ती आत गेली. दारातून उजेड दिसला, निळा.
मी पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली,
सकाळी मऊ पाहिजेत.
बाटली खिडकीत आहे अजून.
पाणी चांगलं गार राहतं तिच्यात, खोटं कशाला बोलू.